सोपान ढमालेच्या नावावरची चूक

सोपानचे किस्से मी कधी गोळा केले नाहीत. माळ्यावर रिकामे डबे साचतात तसे ते साचत गेले. आम्ही चार-पाच जुने बेसबॉलवाले दर रविवारी पिरंगुटला एका टपरीवर चहाला जमतो. कुणाचा गुडघा गेलाय, कुणाची शुगर वाढलीय. विषय कुठूनही सुरू होवो, दुसऱ्या कपाला तो सोपानवर येतो. सोपान समोरच बसलेला असतो. "मी मेलोय का?" असं विचारतो आणि मग आमच्याकडून चुकलेले तपशील स्वतःच दुरुस्त करतो.

यंदा उन्हाळ्यात मात्र कुणाची हिंमत होत नव्हती. सोपानची शाळेतली कोचची नोकरी राहते की जाते, अशी वेळ आली होती. पन्नाशीच्या माणसाला दुसरं काहीच येत नसताना त्याच्यासमोर बसून हसणार कोण? आता ते सगळं मिटलंय. आम्ही मोकळा श्वास घेतलाय आणि टपरीवाल्याचा धंदाही पुन्हा सुरळीत झालाय. म्हणून आता निवांत सांगतो.

मी गौतम, भरे गावचा. मी खेळलो नाही, मी स्कोअर लिहिला. कंपनीत स्टोअर्सला होतो आणि सुट्टीच्या दिवशी सामन्यांची वही घेऊन बसायचो. मी पेन्सिलीनं लिहितो, पण खोडरबर बाळगत नाही. सोपान जवळच्या रिहे गावचा. तो सात टीमांकडून खेळला आणि एकाही टीममध्ये रुजला नाही. त्याची जागा शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली. फलंदाजानं जमिनीवरून मारलेला चेंडू अडवायचा आणि तो माणूस पळत पोचायच्या आत पहिल्या बेसवर फेकायचा. एवढंच काम. त्यावर त्यानं अख्खं आयुष्य काढलं.

०००

मुळशीत बेसबॉल कुठून आला, असं लोक विचारतात. रिह्याच्या शाळेत खेळाचे एक सर होते. त्यांना कुठल्याशा शिबिरातून एक बॅट आणि चार ग्लोव्ह मिळाले होते. ते पडून राहू नयेत म्हणून त्यांनी टीम काढली. शाळेला मैदान नव्हतं. मग भात कापून झालं की खाचरात खेळायचं.

आता ज्यानं भाताचं खाचर पाहिलंय, त्याला कळेल. कापणीनंतर भाताचे बुडखे तसेच उभे असतात, मधूनच बांध आडवा येतो, जमिनीला भेगा. चेंडू निघतो एका दिशेनं आणि येतो तिसऱ्याच. सोपान तिथं तयार झाला. त्याचा एकच नियम होता आणि आजही आहे. "चेंडू दिसतोय तितं हात न्यायचा न्हाई. तो वळून कुटं जाणार हाय, तितं आधी जाऊन बसायचं."

दहावीपर्यंत त्याचं नाक दोनदा फुटलं. पहिल्यांदा रक्तानं माखून घरी गेला, तर वडिलांनी विचारलं कुणी मारलं. चेंडूनं, म्हणाला.

"मग तू काय केलंस?"

"फेकला पहिल्या बेसवर."

"आउट झाला का?"

"झाला."

वडील पुन्हा गोठ्यात गेले.

०००

त्या काळात कारखान्यांच्या, खात्यांच्या टीमा असायच्या. खेळाडू हंगामापुरता घ्यायचे. पुढे बघू, कायम करू, असं सांगायचे. सोपानला सात ठिकाणी असं सांगितलं गेलं. कुठं साहेब बदलला, कुठं टीमच बंद झाली, कुठं साहेबांचा पुतण्या शॉर्टस्टॉप निघाला.

त्यामुळे त्याला एक सवय लागली. तो पिशवी रिकामी करायचा नाही. हॉस्टेलवर चार महिने राहिला तरी कपडे पिशवीतच. अंघोळीला जाताना साबण काढायचा आणि आला की परत पिशवीत. उद्या जा म्हणाले तर आवराआवर करताना लोकांनी बघायला नको, असं त्याचं म्हणणं होतं. मला तेव्हा ते हसण्यासारखं वाटायचं. आता वाटत नाही.

लग्नानंतर आठव्या दिवशी मंगलवहिनींनी त्या पिशवीतून त्याचे कपडे काढून ट्रंकेत ठेवले. हा संध्याकाळी आला तो घाबराघुबरा. पिशवी रिकामी कुणी केली म्हणून विचारायला लागला. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "हितं तुमी बदलीवर न्हाई. हितं तुमी कायम हायेत."

कपडे ट्रंकेत राहिले. पण ग्लोव्ह, बूट, टोपी त्या पिशवीतच राहिली. पुढं कोच झाल्यावर शाळेनं त्याला लोखंडी कपाट दिलं. ते पाच वर्षं रिकामं होतं. हा रोज खांद्याला पिशवी लावून मोटारसायकलवर रिह्याहून जायचा आणि यायचा. गेल्या महिन्यात सगळं सामान कपाटात गेलं. वहिनी आता त्या पिशवीतून बाजारातनं कांदे आणतात.

०००

सात टीमा फिरल्यावर माणसाचं काय होतं, ते एका सामन्यात दिसलं. सोपान त्या वर्षी नव्या टीमकडून खेळत होता आणि समोर होती त्याची आदल्या वर्षीची टीम. याची टीम फलंदाजीला होती, हा बेसवर उभा. तीन गडी बाद झाले, डाव संपला. समोरचे खेळाडू आपल्या बाकाकडे पळाले. सोपानही पळाला. जाऊन बाकावर बसला, शेजारच्याच्या बाटलीतलं पाणी प्यायला, बूट सोडून पुन्हा बांधले.

तो बाक समोरच्या टीमचा होता.

कमाल ही नाही. कमाल ही, की त्यांच्यातल्या कुणालाच वावगं वाटलं नाही! वर्षभर तो तिथंच बसायचा. एकानं खारे शेंगदाणे दिले. त्यांच्या कोचनं पुढच्या फलंदाजाची विचारणा केली आणि याच्या हातात हेल्मेट दिलं. सोपान बॅट घेऊन मैदानात गेला. तिथं यष्टीरक्षकासारखा मागं बसलेला खेळाडू याच्याच नव्या टीमचा. त्यानं वर पाहिलं आणि हळूच विचारलं, "सोप्या, तू कुनाकडनं हायेस?"

सोपाननं अंगावरचा टीशर्ट खाली मान घालून वाचला.

०००

याच कारणानं लोक त्याला घाबरायचे. बेसबॉलमध्ये कोच लांबून खुणा करतो. टोपीला हात लावला, कान धरला, पट्ट्यावर थाप मारली, प्रत्येकाचा अर्थ ठरलेला. सोपान टीम सोडून गेला की जुनी टीम सगळ्या खुणा बदलायची. एका टीमनं तर स्पर्धेच्या आदल्या दिवशी बदलल्या. परिणाम असा झाला, की सामन्यात त्यांच्या कोचला घाम पुसायला टोपी काढावी लागली आणि त्यांचे दोन खेळाडू एकाच बेसवर येऊन उभे राहिले. ते हरले. त्यांचा मॅनेजर सोपानला म्हणाला, तुझ्यामुळे सगळं बदलावं लागलं.

सोपानला फार वाईट वाटलं. परत येताना टेम्पोत तो मला म्हणाला, "मला त्यांच्या जुन्या खुना बी म्हाईत नव्हत्या रे. मी आपला शेजारचा पळाला की पळायचो."

०००

आता माझ्या आणि त्याच्या भांडणाचं सांगतो. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

नदीपलीकडच्या एका कारखान्यानं त्याला एका हंगामासाठी घेतलं होतं. शहरातल्या चांगल्या मैदानावर सामना होता. हिरवळ, सारवलेल्या अंगणासारखी सपाट जमीन. सोपान राखीव होता. सातव्या डावात त्यांच्या शॉर्टस्टॉपच्या पायात गोळा आला आणि सोपान आत गेला. पहिलाच चेंडू त्याच्याकडे आला. साधा, जमिनीवरून, मध्यम वेगाचा. शाळेतल्या पोरानं अडवला असता. सोपान एक पाऊल उजवीकडे सरकला, खाली बसला आणि चेंडू त्याच्या डाव्या बाजूनं निघून गेला. त्यावर दोन धावा गेल्या आणि सामनाही.

असं झालं की लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं. चेंडू वेडावाकडा उडाला असेल तर खेळाडूचा दोष नाही. साधा चेंडू सुटला तर त्याच्या नावावर चूक. मी लिहिलं, 'सातवा डाव. चूक, ढमाले.'

सामना संपल्यावर तो तडक माझ्याकडे आला. चेंडू उडाला होता, म्हणाला. मी म्हटलं, इथं उडायला आहे काय? त्यानं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि समासात स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'मान्य नाही. चेंडू उडाला. सोपान ढमाले, रिहे.' खाली सही ठोकली.

त्यानंतर पंचवीस वर्षं तो माझ्यामागं लागला होता, की ती चूक खोड. माझ्या लग्नात अक्षता टाकताना म्हणाला. माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनला मोसंबी घेऊन आला, दोन तास उशाशी बसला. मी डोळे उघडले तर कपाळावर हात ठेवून म्हणतो, "आता तरी खोड, गौत्या."

मी खोडली नाही. भूल पुरती उतरली नव्हती, तरी खोडली नाही.

०००

खेळणं संपल्यावर त्याला हिंजवडीजवळ जांबे गावाच्या बाजूला एका शाळेत कोच म्हणून घेतलं. अकरा महिन्यांचा करार, दरवर्षी नवा. तिथली मुलं सगळी आयटीवाल्यांची. कुणी अमरावतीहून आलेलं, कुणी लातूरहून, कुणी जळगावहून. आईवडील दोघं नोकरीला. शाळेत बेसबॉल आहे म्हटल्यावर त्यांना वाटलं, कोच निदान परदेशात जाऊन आलेला असेल. आणि समोर सोपान!

प्रिन्सिपल मॅडमनी त्याच्याकडे वर्षाचा प्लॅन मागितला. बाकीच्या शिक्षकांनी वीस-वीस पानं दिली होती, रंगीत तक्त्यांसकट. सोपाननं एक कागद दिला. त्यावर दोन ओळी होत्या. 'जून ते ऑक्टोबर, शेतात भात. नोव्हेंबर ते मे, शेतात आम्ही.'

मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं, भात असताना मुलं काय करणार. हॉलमध्ये फेकायचं-झेलायचं शिकतील, म्हणाला. मॅडमनी सही केली. दर शनिवारी शाळेची बस रिह्याला यायला लागली. पालकांच्या ग्रुपवर पहिल्या दिवशी धुळीनं माखलेल्या बुटांचे फोटो फिरले आणि दुसऱ्या शनिवारी निम्मे पालक मागनं गाड्या घेऊन आले. मंगलवहिनींनी सगळ्यांना चहा केला. तिसऱ्या शनिवारपासून ग्रुपवर फक्त इंद्रायणी तांदळाची चौकशी असायची.

एकदा शहरातली मोठी शाळा मैत्रीपूर्ण सामन्याला आली. त्यांचे कोच बांधावर उभे राहिले, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, अहो, ग्राउंडला लेव्हल नाही.

"हाय की," सोपान म्हणाला. "दोन हायेत. एक वरच्या खाचराची, एक खालच्या."

०००

रेवा नावाची त्याच्या टीममध्ये चुणचुणीत मुलगी आहे. तिचे वडील अमरावतीचे, हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर. ते एकदा लॅपटॉप घेऊन आले. मुलीच्या थ्रोचा व्हिडिओ त्यांनी स्लो मोशनमध्ये केला होता. त्यावर रेषा, कोन, आकडे. सोपान बांधावर बसून सगळं नीट बघत होता. मधेमधे "व्हय, व्हय" म्हणत होता. पंधरा मिनिटांनी वडिलांनी विचारलं, सर, काही शंका?

सोपान म्हणाला, यात चेंडू शेवटी कुठं गेला ते दिसत नाही. तो फ्रेमच्या बाहेर गेला, असं वडिलांनी सांगितलं.

"बेसच्या बी बाहेरच गेला होता," सोपान म्हणाला. "त्ये बघू आपन आधी."

ते वडील आता दर शनिवारी येतात. लॅपटॉप गाडीत ठेवतात आणि पहिल्या बेसवर उभे राहून मुलीचे चेंडू झेलतात.

०००

मग यंदा मार्चमध्ये पत्र आलं. मॅडम बदलल्या होत्या, शाळेचं व्यवस्थापनही नवं. त्यांनी नियम केला. कोचकडे पदविका हवी, नाहीतर दहा हंगाम संघटित खेळ खेळल्याचा दाखला. ज्याच्याकडे असेल तो कायम. नसेल त्याचा करार संपला की शेवटचा दिवस.

पदविका सोपानकडे नव्हतीच. दहा हंगाम तो खेळला होता, पण दाखले जमवताना एकेक ठिकाण शोधत फिरला. सहा टीमांचे मिळून नऊ हंगाम जमले. दहावा होता नदीपलीकडच्या कारखान्याचा. तो कारखाना कधीच बंद पडला. त्या जागेवर आता गोडाऊन आहे आणि दारावरच्या वॉचमनला बेसबॉल म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. जिल्ह्याच्या संघटनेनं सांगितलं, त्या हंगामातल्या कुठल्याही सामन्याच्या मूळ स्कोअरबुकात नाव दाखवा, आम्ही दाखला देतो.

स्कोअरबुकं माझ्याकडे. पण सोपान माझ्याकडे आला नाही. रविवारी टपरीवर यायचा, चहा प्यायचा, या विषयावर अवाक्षर नाही. मलाही विचारायचं सुचलं नाही. खरं सांगायचं तर मला पूर्ण गोष्ट माहीतच नव्हती.

एका सकाळी मंगलवहिनी भऱ्याला आमच्या घरी आल्या. उंबऱ्यात चप्पल काढता काढताच बोलायला लागल्या. सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "गौतमभावजी, ह्यांच्या चुका तुमी लिहून ठिवल्यात न्हवं? त्यातली एक तरी शोधून काढा आता."

शोधतो म्हणालो, पण खात्री देता येईना. कारण माझी एक पद्धत होती. राखीव खेळाडू आत गेला तरी चेंडू त्याच्याकडे जाईपर्यंत मी त्याचं नाव लिहायचो नाही. उगाच कागद कशाला भरायचा? त्या हंगामात सोपान बहुतेक वेळ बाकावरच होता. म्हणजे त्याचं नाव असलंच तर एकाच ठिकाणी. आणि ते पान मागच्या दिवाळीत बायकोनं काढलेल्या रद्दीत गेलं नसलं तर.

आम्ही दोघांनी मिळून माळा उपसला. दीड तास. वही सापडली ती कॅरमबोर्डच्या खोक्यात. पावडर झटकली, पान उघडलं. 'सातवा डाव. चूक, ढमाले.' वहिनी तिथंच खाली बसल्या आणि पदरानं डोळे पुसले. मी आयुष्यात एवढ्या चुका लिहिल्या, पण माझ्या लिहिलेल्या चुकीवर कुणी आनंदानं रडल्याचं पहिल्यांदाच पाहिलं.

०००

संघटनेच्या ऑफिसात मी आणि सोपान गेलो. टेबलामागं तिशीतल्या एक मॅडम, समोर शिक्का आणि शाईचं पॅड. नऊ दाखले त्यांनी एकेक करून बाजूला ठेवले. मग वही उघडली. मी लिहिणारा म्हणून सही केली, अक्षर माझंच असल्याचं सांगितलं. मॅडम पान वाचत होत्या आणि सोपान खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या हाताची बोटं गुडघ्यावर हलत होती. सामन्यात चेंडू यायच्या आधी हलायची तशीच.

खेळाडूंच्या यादीत ढमाले नाव नाही, असं मॅडम म्हणाल्या. मी राखीव खेळाडूंची माझी पद्धत सांगितली. ढमाले म्हणजे हेच कशावरून, असं त्यांनी विचारलं. मी समासातल्या सहीवर बोट ठेवलं. त्यांनी ती सही अर्जावरच्या सहीशी ताडून पाहिली. जुळली. मी सुटकेचा निःश्वास टाकणार, तेवढ्यात मॅडमनी सहीच्या वरची ओळ वाचली. मान्य नाही. चेंडू उडाला.

त्या थांबल्या. मग जरा अवघडून म्हणाल्या, की नोंद ही एकच आहे आणि त्या नोंदीवर स्वतः खेळाडूचीच लेखी हरकत आहे. हरकत असलेली नोंद त्यांना धरता येत नाही. नियमच तसा आहे.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

हरकत मागं घ्यायची. खाली तसं लिहायचं आणि सही करायची. मग नोंद पक्की.

सोपाननं माझ्याकडे पाहिलं नाही. पंचवीस वर्षं, माझं लग्न, माझा हर्निया, सगळं त्या टेबलावर येऊन बसलं होतं. मी मनात म्हणत होतो, लिही बाबा, पाया पडतो तुझ्या, लिही. एकदा वाटलं, हा वही मिटून उठतो की काय. त्याच्यात तेवढा ताठा आहे.

मॅडमनी पेन पुढं केलं. त्यानं ते घेतलं नाही. माझ्या शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढली आणि समासात, जुन्या ओळीच्या खाली, सावकाश लिहिलं, 'हरकत मागे घेतो. चूक माझी.' सही केली. पेन्सिल माझ्या खिशात परत ठेवली.

मॅडमनी शिक्का मारला. दाखला तयार करून त्याच्या हातात दिला. दहा हंगाम. मी खुर्चीला टेकलो. गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच माझी पाठ मोकळी झाली.

आम्ही उठलो, दारापर्यंत गेलो. मागून मॅडमनी सहज विचारलं, "ढमालेसर, चेंडू उडाला नव्हता, तर मग सुटला कसा?"

सोपान दारात थांबला. दाखल्याची घडी करून खिशात ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला,

"म्याडम, सरळ आला."